भातसेच्या कांठीं दोन दिवाळ्या

माझी एक चुलतबहीण जर्मनींत शिक्षिका आहे. तिच्या तेथील दिवाळीचे फोटो आले, कीं आमच्या पुण्याच्या घरांत ते तीन पिढ्यांच्या हातांतून फिरतात. खिडकीबाहेर दाट काळोख, आंत चार पणत्या, पुण्याहून नेलेल्या भाजणीच्या चकल्या आणि त्यांकडे नवलानें पाहणाऱ्या शेजारच्या दोन जर्मन बायका! “परदेशीं राहूनही पोरीनें सण सोडले नाहींत हो,” असें म्हणतांना आजीचे डोळे पाणावतात. माझ्या फोटोंचें असें कौतुक होत नाहीं, आणि त्यांत घरच्यांचा दोषही नाहीं. सकाळीं पुण्याहून निघावें तर दुपारच्या जेवणास पोंचावें एवढ्याच अंतरावर, ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत, भातसानगर म्हणून जें ठिकाण आहे तेथें मी राहतें व जवळच्या एका पाड्यावरील प्राथमिक शाळेंत शिकवितें. ह्याला परदेश कोण म्हणेल? तरीपण दोन वर्षें तेथें काढल्यावर माझें मत असें झालें आहे कीं, आम्हां दोघींत परमुलुखांत आहे ती मीच. माझ्या बहिणीच्या विद्यार्थ्यांचीं घरें निदान वर्षभर एके ठिकाणीं असतात.

कल्याणला गाडी बदलून कसाऱ्याच्या लोकलमध्यें बसलें, कीं टिटवाळा, खडवली, वासिंद अशीं स्टेशनें मागें टाकीत आपण आसनगांवास उतरतों. त्या सुमारास डाव्या हातास माहुलीचा डोंगर दिसूं लागतो. ह्याच किल्ल्यावर १६३६ सालीं शहाजीराजांस निजामशाही वांचविण्याची आशा सोडावी लागली, हें आपण शाळेंत पाठ केलेलें असतें. माझ्या मुलांना मात्र त्या इतिहासापेक्षां डोंगराचे सुळके अधिक ओळखीचे आहेत. एक नवरा, एक नवरी आणि त्यांचें लग्न लावावयास आलेला भटोबा! “बाई, तुम्ही भटोबाच्या घरच्या ना?” असें एका मुलानें मला पहिल्याच आठवड्यांत विचारलें होतें. त्यास काय उत्तर द्यावें तें मला अद्याप सुचलेलें नाहीं.

आसनगांवाहून शहापूर अगदीं जवळ. तेथून एस. टी. धरली, कीं रानांतून वळणें घेत ती धरणाच्या वसाहतीशीं आणून सोडते. भातसानगर हें जुन्या अर्थानें गांव नव्हे. धरण बांधावयास जे इंजिनियर, कारकून व कामगार आले, त्यांच्यासाठीं वसविलेली ही वस्ती. गांवाला पार असतो, पिढीजात भांडणें असतात. येथें सरळ रस्ते आणि एकासारखीं एक क्वार्टरें. त्यांतल्याच एका खोलींत माझें बिऱ्हाड आहे.

धरण मात्र पाहण्यासारखें आहे. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या भातसा व चोरणा ह्या नद्यांचें पाणी अडवून तें १९८३ सालीं पुरें झालें. त्याची उंची ८८ मीटरांहून अधिक आहे. मुंबईस रोज सुमारें ३९०० दशलक्ष लिटर पाणी पुरविलें जातें, त्यांतला जवळजवळ निम्मा वांटा हें एकटें धरण उचलतें. पाणी नदीच्याच पात्रांतून खालीं पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जातें, तेथून उपसून पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग तें मुंबईच्या नळांत शिरतें. १८९२ सालचा तानसा तलावही ह्याच तालुक्यांतला. दादरला माझी मावशी राहते. तिच्या बाळकृष्णाला रोज स्नान घडतें तें बहुधा आमच्याच तालुक्याच्या पाण्यानें. इकडे एप्रिल-मे महिन्यांत शहापुरांतील कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. माझ्या पाड्यावरच्या बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रांत खड्डा खणतात, पाणी पाझरण्याची वाट पाहात बसतात आणि वाटीवाटीनें हंडा भरतात. धरण खालीं, पाडे वर. पाणी उताराकडे जातें, आणि उतार मुंबईकडे आहे. मावशीला हें मीं एकदां सांगितलें. तेव्हांपासून ती नळ घट्ट बंद करते. त्यानें पाड्यावर पाणी चढत नाहीं हें तिलाही कळतें, परंतु तिच्या जिवाला तेवढेंच बरें वाटतें.

पाड्यावर वस्ती कातकऱ्यांची व थोडी ठाकरांची. खैराच्या लांकडापासून कात काढणारे ते कातकरी. तो धंदा कधींच बसला, नांव राहिलें. राज्यांत ज्या तीन जमाती आदिम म्हणून गणल्या जातात, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर ही तिसरी. मुलें घरीं आपली बोली बोलतात; पुस्तकांतली मराठी ही त्यांना दुसरी भाषा, आणि माझी पेठेंतली मराठी तिसरी. आरंभीं “इकडे या पाहूं,” असें मीं म्हटलें, कीं सगळा वर्ग जवळ येऊन इकडेतिकडे बघत राही. काय पाहावयाचें तें बाईंनीं सांगितलेंच नव्हतें!

मी रुजूं झालें ती जूनमध्यें, पहिल्या पावसांत. तिसऱ्याच दिवशीं दुसरींतल्या एका मुलीनें माझ्या टेबलावर शेवळांची जुडी आणून ठेवली. पहिल्या पावसाबरोबर रानांत जमिनींतून जे कोंब वर येतात तीं शेवळें. मीं तीं मोठ्या कौतुकानें चिरून फोडणीस टाकलीं आणि रात्रभर घसा धरून बसलें. दुसऱ्या दिवशीं माझा आवाज ऐकून ती मुलगी मधल्या सुटींत रानांत पळाली व मूठभर काकडें घेऊन आली. हें आंबट हिरवें फळ भाजींत घातल्यावांचून शेवळांची खाज मरत नाहीं. अशा रीतीनें तेथील पहिला धडा मीं घेतला, दिला नाहीं. त्या मुलीचें नांव येथें सांगत नाहीं; आपण तिला शेवळेवाली म्हणूं.

आषाढांत भाताची आवणी आली, तेव्हां मोठीं मुलें गुडघाभर चिखलांत गेलीं. श्रावणांत परत आलीं. गौरीला तेरड्याचीं फुलें कोठें मिळतील हें मला कोणास विचारावें लागलें नाहीं, माळच्या माळ तेरड्यानें भरला होता. नवरात्रांत मीं शाळेंत भोंडला केला. पाटावर खडूनें हत्ती काढला. फेर धरावयास शिकवावें लागेल अशी माझी कल्पना होती. परंतु तो मुलींना माझ्याहून चांगला येत होता, आणि माझीं गाणीं संपलीं त्यावर त्यांचीं सुरू झालीं तीं अंधार पडेपर्यंत संपलीं नाहींत. शेवटीं खिरापत ओळखावयाची वेळ आली. डब्यांत वाटली डाळ होती. पहिली हांक आली, “उंबर!” दुसरी आली, “कंद!” आणि तिसरी, फार मोठ्या आशेनें, “चिंबोऱ्या!” चिंबोऱ्या म्हणजे खेंकडे. हें मीं फोनवर आजीला सांगितलें तेव्हां ती क्षणभर स्तब्ध राहिली व मग म्हणाली, “अखेर ओळखली का कुणीं?” नाहीं ओळखली. वाटली डाळ त्यांपैकीं एकीनेंही पूर्वी खाल्लेली नव्हती.

मग दिवाळीची सुटी लागली आणि त्याच सायंकाळीं मीं पुण्याची गाडी गांठली. त्या पहिल्या दिवाळीचें वर्णन करण्याचें कारण नाहीं. वीस माणसांच्या घरांतील दिवाळी कशी असते हें वाचकांस ठाऊकच आहे. सुटी संपवून, दोन डबे फराळ बरोबर घेऊन मी परत आलें, तों सत्तावीस मुलांच्या वर्गांत अकराच मुलें बसलेलीं! सुटी अजून अंगांतून गेली नसेल असें मला प्रथम वाटलें. दुपारीं पाड्यावर गेलें. बऱ्याच झोंपड्यांची दारें काटक्यांनीं बंद केलेलीं होतीं. एका म्हाताऱ्यानें कल्याणच्या दिशेस हात करून एवढेंच सांगितलें, “भट्टीवर गेलीं.” शेवळेवालीही गेली होती. सुटीच्या आदल्या दिवशीं ‘पुस्तक’ हा शब्द तिनें न अडखळतां वाचला होता. जोडाक्षर वाचण्याचा तिचा तो पहिलाच दिवस.

तालुक्यास ह्यांत नवें कांहींच नव्हतें. अजाण मीच होतें. पावसाळा सरत येतो तेव्हां कातकऱ्याच्या घरीं काम नसतें, धान्यही नसतें. गणपतीच्या सुमारास वीटभट्टीवाल्याचा माणूस येतो व उचल देऊन जातो. दिवाळी झाली, कीं ती उचल फेडावयास कुटुंबेंच्या कुटुंबें कल्याण, भिवंडी, पनवेलच्या बाजूस जातात, तीं पाऊस तोंडावर आल्यावर परततात. मजुरी हजार विटांमागें ठरलेली. म्हणून नवराबायको पहांट होण्यापूर्वीं उठून चिखलाला हात घालतात, आणि मुलें विटा उलटून वाळवितात, धाकट्यांना संभाळतात. पुष्कळदां हिशेबाच्या दिवशीं उचल फिटलेली नसते. ती पुढच्या वर्षाच्या उचलींत मिळवितात. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दोन्हीही मला परीक्षेसाठीं पाठ होते.

आजीच्या कपाटांत अनुताई वाघ यांचें ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हें आत्मचरित्र आहे. बालपणींच वैधव्य आलेल्या अनुताई पुण्यांत शिक्षिका होत्या. १९४५ सालीं ताराबाई मोडकांच्या कामासाठीं त्या बोर्डीस गेल्या आणि पुढें कोसबाडला जन्मभर राहिल्या. हीं दोन्ही गांवें तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतीं. २०१४ पासून तीं पालघर जिल्ह्यांत गेलीं. मुलें शाळेंत येत नाहींत म्हणून त्या दोघी कपाळाला हात लावून बसल्या नाहींत. पाड्यावरच्या अंगणांत बालवाडी भरवूं लागल्या, गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं कुरणांत शाळा भरवूं लागल्या. पुढें वसई-भिवंडीकडे विधायक संसद ह्या संस्थेनें वीटभट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची बुटकी झोंपडी. अनुताईंचें तें पुस्तक मीं लहानपणींच वाचलेलें होतें. वाचलें होतें मात्र दिवाळीच्या सुटींत, फराळाची बशी शेजारीं ठेवून.

जूनमध्यें शेवळेवाली परतली. जोडाक्षरें ती विसरली होती. काकडें विसरली नव्हती.

दुसऱ्या वर्षीं गणपतींतच मीं घरीं सांगून टाकलें कीं, यंदा दिवाळीस मी येणार नाहीं. आईबापांचें मन वळवावयाचें तर तें ट्रक येण्याच्या आधींच्या दिवसांत, आणि ते दिवस नेमके सुटीचे. आजी-आजोबा पाड्यावर राहात असतील तर मूल मागें राहूं शकतें; अशा मुलांच्या जेवणासाठीं सरकारची हंगामी वसतिगृहाची योजनाही आहे. हें सर्व मीं घरीं नीट समजावून सांगितलें. काकू म्हणाल्या, “वर्षांतून एकदां सगळीं जमतों, त्यांत तूंच नाहींस तर कसें ग?” बाबा म्हणाले, “नोकरीच्या वेळीं नोकरी कर. सुटी तुझी आहे आणि तीवर आमचाही हक्क आहे.” धाकटा भाऊ तर माझ्याशीं बोलेनासा झाला, भाऊबीजेस त्याच्याकडे एवढें काय असतें, परंतु बहिणीनें ओवाळलें नाहीं असें त्याच्या आयुष्यांत एकदांही झालेलें नव्हतें. बाबांचें म्हणणें अगदींच चूक होतें असें मी आजही म्हणणार नाहीं. आजी दोन दिवस कांहींच बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं जेवतांना म्हणाली, “जर्मनीची येत नाहीं तर तिला आपण डबा पाठवतों. हिला कां नाहीं पाठवायचा?” आणि वाद तेथेंच मिटला.

अशा रीतीनें वसुबारशीस मी प्रथमच घराबाहेर होतें. आणि तेथें मला कळलें कीं ती वसुबारस नव्हतीच. पाड्यावर त्याच तिथीस वाघबारस असते. गुराखी पोरांनीं घरोघर फिरून तांदूळ जमविले व रानाच्या कडेला वाघोबाच्या ठाण्याशीं चूल मांडून खीर शिजविली. वाघोबा म्हणजे शेंदूर फांसलेला दगड, त्यावर वाघ आणि चंद्र-सूर्य कोरलेले. पुण्यांत त्याच संध्याकाळीं आमच्या काकू गाय-वासराची पूजा करीत होत्या आणि येथें मी गाय खाणाऱ्याला हात जोडून उभी होतें. खीर धुरकट होती, पण दुसऱ्यांदा मागून घेतली.

नरकचतुर्दशीस एकटीनेंच अभ्यंगस्नान केलें. उटणें लावतांना पाठीपर्यंत हात पोंचेना, तेव्हां थोडें रडूं आलें हें लपवीत नाहीं. मग आजीचा डबा काखेंत घेऊन पाड्यावर गेलें. जो तो विचारी, “बाय, तू घरला नाय गेलीस?” नव्या तांदुळाच्या पिठांत काकडी किसून, पानांत गुंडाळून उकडलेलें गोडाचें मला प्रत्येक दारीं मिळालें, माझी चकली म्हाताऱ्यांच्या दांतांना मिळेना म्हणून ती त्यांनीं चहांत बुडवून खाल्ली. तीन संध्याकाळ मी झोंपडीझोंपडींत बसलें. उचलीविषयीं, कायद्याविषयीं, वसतिगृहाविषयीं बोलण्याची सगळी तयारी मीं केलेली होती. शेवळेवालीच्या आईनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “ही हितं राहिली तर तिच्या भावाला कोन बगंल?” भाऊ दीड वर्षांचा. माझ्यापाशीं पुष्कळ उत्तरें होतीं. ह्या प्रश्नाचें नव्हतें.

भाऊबीजेच्या रात्रीं ट्रक आला. हंडे, गोधड्या, टोपलीखालच्या कोंबड्या, एक कुत्रा, आणि माणसें. जाणाऱ्या घरांतलीं पांच मुलें आजी-आजोबांपाशीं मागें राहिलीं. शेवळेवाली त्या पांचांत नव्हती. भावाला कडेवर घेऊन ती चढली. मीं दिलेलें तिसरीचें पुस्तक तिच्या आईनें तांदुळाच्या डब्यांत ठेवलें. तेवढी एकच जागा कोरडी राहणार होती.

पौषी पौर्णिमेस मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलांच्या बाजाराबद्दल तिची दूरवर ख्याति आहे. सहकाऱ्यांबरोबर मी तेथें गेलें, आजीसाठीं एक घोंगडी घेतली, आणि पाड्यावरून पत्ता आणलेलाच होता म्हणून परततांना कल्याणच्या रस्त्यावरील त्या भट्टीवर उतरलें. शेवळेवाली वाळत घातलेल्या विटांच्या रांगेशीं उकिडवी बसली होती. हात कोंपरापर्यंत करडे. मला पाहून ती आधीं लाजली, मग धांवत जाऊन विटेचा सांचा घेऊन आली. त्याच्या तळाशीं मालकाच्या नांवाचीं दोन अक्षरें होतीं, त्यांतलें एक जोडाक्षर. तें तिनें मला वाचून दाखविलें. विटेवर सुलटें वाचलें आणि सांच्यांत उलटेंही वाचलें. मग म्हणाली, “बाई, ह्यांत अक्षार उलटं का करत्यात?” मी सांगणार तोंच तिच्या बापानें हांक मारली आणि ती गेली. मालकाचा मुनीम जरा वेळानें माझ्याशेजारीं येऊन उभा राहिला. तो कांहीं बोलला नाहीं, परंतु मी तेथें अधिक थांबूं नये हें मला कळलें.

होळीला मात्र गेलेलीं माणसें चार दिवसांसाठीं येतात. शिमग्याइतका मोठा सण पाड्यावर दुसरा नाहीं. पोरें रस्त्यावर आडवा दोर धरून पोस्त मागत होतीं. माझी वाट अडविणाऱ्यांत ती होती. दहा रुपये मुठींत आल्यावर तिनें विचारलें, “उद्या शाळा हाय?” उद्यां धुळवडीची सुटी होती. मीं “आहे” म्हणून सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं रंगलेल्या तोंडांचीं नऊ मुलें आलीं. मीं बटाटे अर्धे कापून ठेवले होते. प्रत्येकानें आपल्या नांवाचें पहिलें अक्षर बटाट्यावर सुलटें कोरलें, रंगांत बुडविलें आणि कागदावर दाबलें. अक्षर उलटें उमटलें तेव्हां जो गलका झाला तो पाड्यापर्यंत गेला असेल. शेवळेवालीनें तेवढें पहिल्यानेंच उलटें कोरलें होतें. तिचा कागद शाळेच्या भिंतीवर आहे. तिसऱ्या दिवशीं ट्रक पुन्हां आला.

हें सारें मीं आजीला फोनवर सांगितलें. बटाट्यांची नासाडी तिला मुळींच पसंत पडली नाहीं. घोंगडी मात्र आवडली. ती पायांवर घेऊन बसते असें काकू सांगतात. परवां तिनें मला बजावून सांगितलें आहे कीं, यंदा वसुबारशीस ती स्वतः भातसानगरला येणार. वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षें झालीं आहेत, तेव्हां जर्मनी कांहीं आतां जमावयाची नाहीं, पण एवढा परदेश तिला पाहावयाचा आहे. येतांना पुरणाची सामुग्री आणीन म्हणाली, आणि त्या वाघोबाला नैवेद्य काय लागतो तें आधीं कळव म्हणाली. तांदुळाची खीर चालते, असें मीं कळविलें आहे. कोंबड्याची गोष्ट अजून कळविलेली नाहीं.